एसी दुरुस्त झाला आणि गोळीतले औषध ‘घटले’

गोव्यातल्या कुंडई औद्योगिक वसाहतीतली मध्यम आकाराची एक औषध कंपनी. पॅरासिटामोलच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या हे तिचे मुख्य उत्पादन. पावसाळ्याच्या तोंडावर तिच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) प्रयोगशाळेने गोळीतले औषध मोजण्यासाठी व्होल्टमेट्रीची, म्हणजे द्रावणाला व्होल्टेज देऊन वाहणाऱ्या करंटवरून औषध मोजण्याची, नवी पद्धत बसवली. नवी पद्धत लेबलच्या ९९ टक्के औषध दाखवत होती आणि फार्माकोपियाची (औषधांच्या अधिकृत मानकग्रंथाची) यूव्ही पद्धत, जी द्रावण अतिनील प्रकाश किती शोषते ते मोजते, तीही ९९च सांगत होती. सगळे खूश होते. चवथीच्या आधी प्रयोगशाळेचा एसी जनरेटरवर घेतला गेला. त्यानंतर तीच पद्धत, तेच यंत्र, तीच विश्लेषक, आणि आकडा ९३-९४ टक्के. यूव्ही मात्र ९९वरून हलला नव्हता.

हे प्रकरण मी बी.फार्म. आणि एम.एस्सी.च्या मुलांपुढे चर्चेसाठी ठेवायला बेतले आहे. कंपनी, माणसे आणि मोजणीचे आकडे रचलेले आहेत. त्यामागचे रसायन आणि प्रयोगशाळेतल्या सवयी खऱ्या आहेत, आणि ज्याने आपल्याकडच्या कारखान्यात ऐन जूनमध्ये फीडर ट्रिप झाल्यावर काम केले आहे त्याला त्या ओळखीच्या वाटतील.

यूव्ही असताना हा खटाटोप कशाला

पॅरासिटामोलच्या गोळीची अधिकृत तपासणी सोपी आहे. वीस गोळ्या वजन करून कुटायच्या, १५० मिलिग्रॅम औषध असेल एवढी पूड घ्यायची, सोडियम हायड्रॉक्साइडच्या पातळ द्रावणात हलवायची, गाळायची, पायरीपायरीने पातळ करायची आणि २५७ नॅनोमीटरला शोषण वाचायचे. एक टक्का द्रावणाचे एक सेंटिमीटर जाडीतले शोषण ७१५ धरले जाते. त्या हिशेबाने शेवटच्या द्रावणात मिलिलिटरमागे ७.५ मायक्रोग्रॅम औषध असेल तर यंत्रावर ०.५३६ दिसायला हवे. मर्यादा लेबलच्या ९५ ते १०५ टक्के. नव्याने लागलेला मुलगाही हे चटकन शिकतो.

अडचण पुढच्या उत्पादनाची होती. कंपनीला पॅरासिटामोल आणि कॅफीन एकत्र असलेली गोळी काढायची होती. यूव्हीत या दोघांचे पट्टे एकमेकांवर चढतात. साध्या एका वाचनात कुणाचे किती ते कळत नाही. एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) दोघे छान वेगळे होतात, पण तिच्यापुढे स्टॅबिलिटीच्या (औषध किती काळ टिकते ते पाहण्याच्या) नमुन्यांची रांग लागलेली. उत्पादन विभागाला तर ब्लेंड (गोळीसाठी मिसळलेली पूड) गोळीयंत्रावर चढवण्याआधी झटपट उत्तर हवे होते. व्होल्टमेट्रीत करंटच्या आलेखावर पॅरासिटामोलचे शिखर पीएच ७ला साधारण ०.४ व्होल्टच्या आसपास येते, कॅफीन त्याच्या जवळजवळ एक व्होल्ट पुढे. तेव्हा आधी साध्या गोळीवर पद्धत बसवायची, यूव्हीशी पडताळायची, मग कॅफीनच्या गोळीकडे वळायचे, असा बेत ठरला. बेतात काही खोट नव्हती.

व्होल्टमेट्री म्हटले की क्यूसीतली माणसे जरा बिचकतात, हे पाहून मला नेहमी गंमत वाटते. त्याच खोलीत पीएच मीटर असतो. पाण्याचा अंश काढणारे कार्ल फिशर यंत्र प्लॅटिनमच्या दोन तारांवर शेवटचा बिंदू ओळखते. सल्फा औषधांचे नायट्राइट टायट्रेशन आणि परक्लोरिक आम्लाचे पोटेन्शिओमेट्रिक टायट्रेशन ही सगळी विद्युतरसायनाचीच कामे. फरक एवढाच, की तिथे विजेचा संकेत फक्त ‘आता थांब’ सांगतो; औषध किती ते ब्युरेट सांगते. व्होल्टमेट्रीत करंटच औषधाचे माप होतो, आणि म्हणून करंटवर परिणाम करणारी प्रत्येक गोष्ट थेट उत्तरात उतरते.

इलेक्ट्रोडवर काय होते

सेलमध्ये तीन इलेक्ट्रोड असतात. ग्लासी कार्बनचा कार्यकारी इलेक्ट्रोड, सिल्व्हर–सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड आणि प्लॅटिनमची तार. कार्बनचा व्होल्टेज हळूहळू वाढवत नेला की ठरावीक जागी पॅरासिटामोलचा रेणू दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन देऊन क्विनोन इमिन बनतो. यकृतात पॅरासिटामोलचा अतिडोस घातक ठरतो तो याच पदार्थामुळे. इथे तो कार्बनच्या चकतीवर तयार होतो.

डिफरन्शियल पल्स या प्रकारात वाढत्या व्होल्टेजवर छोटे छोटे झटके दिले जातात. प्रत्येक झटक्याच्या जरा आधी आणि झटक्याच्या शेवटी करंट मोजून वजाबाकी करतात. इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर नुसता विद्युतभार साठल्याने जो करंट वाहतो तो झटक्याच्या अखेरीस ओसरलेला असतो. रासायनिक क्रियेचा करंट त्यामानाने टिकतो. वजाबाकीत पहिला बराचसा गळतो आणि सपाट जमिनीवर स्वच्छ शिखर उभे राहते. ऑक्सिडेशनच्या दिशेने काम करत असल्याने द्रावणातला ऑक्सिजन आड येत नाही, म्हणजे नायट्रोजनचा सिलिंडरही लागत नाही. मेट्रोनिडाझोल, क्लोरॅम्फेनिकॉल यांसारख्या नायट्रो गट असलेल्या औषधांचे रिडक्शन करायचे तर ही सूट मिळत नाही.

शिखराची उंची औषधाच्या प्रमाणात असते, हे सगळ्यांना पाठ असते. कोणत्या अटीवर, ते मात्र मागे पडते. त्या क्षणी करंट देणारे रेणू हे द्रावणातून इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचलेले रेणू असतात. किती पोहोचतील हे त्यांच्या संख्येवर ठरते, तसेच ते किती वेगाने सरकतात आणि पोहोचल्यावर त्यांना मोकळी जागा मिळते की नाही यावरही. यूव्हीचा किरण क्युव्हेटमधून आरपार जातो आणि वाटेतले सगळे रेणू मोजतो. इलेक्ट्रोड फक्त दारात आलेल्यांना मोजतो.

पद्धत बसली

विश्लेषक सत्तरी तालुक्यातली, वाळपईहून रोज बसने ये-जा करणारी, हाताने नेटकी मुलगी. तिचा दिनक्रम असा. सकाळी आल्यावर कार्बनची चकती ०.०५ मायक्रॉनच्या अल्युमिनावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी घासायची, धुवायची. मग पीएच ७च्या फॉस्फेट बफरमध्ये २०, ४०, ६०, ८० आणि १०० मायक्रोमोलरची प्रमाण द्रावणे (औषध नेमके किती ते ठाऊक असलेली) मोजून रेषा काढायची. रेषा देखणी यायची. दर मायक्रोमोलरला ०.०५०० मायक्रोअँपिअर, आर-वर्ग (रेषेच्या सरळपणाचे माप) ०.९९९.

गोळ्यांची पूड वजन करून पाण्यात हलवायची आणि मूळ द्रावण बनवायचे हे काम दुपारच्या जेवणापर्यंत चाले. जेवून आल्यावर तिने ते बफरमध्ये पातळ करावे, लेबलप्रमाणे ५० मायक्रोमोलर यावे असे, आणि सेलमध्ये घालावे. गाळायचे नाही. व्होल्टमेट्रीची जाहिरातच तशी करतात: द्रावण गढूळ असले तरी चालते, कारण इथे प्रकाश अडण्याचा प्रश्न नाही. करंट आला २.४८ मायक्रोअँपिअर. भागिले ०.०५००, म्हणजे ४९.६ मायक्रोमोलर. लेबलच्या ९९.२ टक्के. यूव्हीचा आकडाही ९९.२.

अचूकता दाखवायला रिकव्हरी काढली. गोळीच्या द्रावणात मोजून शुद्ध औषध घातले आणि वाढलेल्या करंटवरून किती परत मिळाले ते पाहिले. शंभराच्या आसपास आले. रेषीयता, पुनरावृत्ती, रिकव्हरी, सगळे रकाने भरले. अहवालावर सह्या झाल्या.

शोधनिबंधांत हे चित्र फार दिसते. ग्राफीन किंवा कार्बन नॅनोट्यूबचा लेप दिलेला नवा इलेक्ट्रोड, पॅरासिटामोलचे उंच शिखर, आणि शेवटी एक छोटा तक्ता: बाजारातली गोळी, रिकव्हरी अठ्ठ्याण्णव ते एकशे दोन. तक्ता पाहून मी आधी एवढेच शोधतो, की प्रमाण द्रावण आणि गोळीचे द्रावण एकाच तापमानाला मोजले होते का. हे शोधावे लागते, यातच सगळे आले.

आकडा पडला

जनरेटरची नवी जोडणी झाल्यानंतर पहिल्याच बॅचला करंट आला २.३४. म्हणजे ४६.८ मायक्रोमोलर, ९३.६ टक्के. मुलीने नमुना पुन्हा बनवला. पुन्हा तेच. मागच्या महिन्यात ९९ दाखवलेल्या बॅचच्या राखीव गोळ्या काढल्या. त्याही ९४ला.

“सर, गोळी तीच आहे. तेव्हा नव्याण्णव आलं होतं, आता चौऱ्याण्णव येतं.”

“पावसाचे दिवस, बाय. पावडरीनं पाणी ओढलं असणार.”

प्रयोगशाळेच्या प्रमुखांचा, म्हणजे सरांचा, हा तर्क अगदीच वावगा नव्हता. ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवा इतकी दमट असते की मिठाच्या बाटलीत तांदूळ घालून ठेवावे लागतात. कुटलेली पूड उघडी राहिली तर वजनात पाणी येते आणि तेवढे औषध कमी भरते. पण पूड सुकवून घट पाहिली तर दीड टक्क्याच्याही आत. साडेपाच टक्क्यांचा खड्डा त्याने भरत नाही.

मग गोळीयंत्राकडे बोट गेले, की भरण कमी पडत असेल. या आकाराच्या गोळीला सरासरीच्या पाच टक्के इकडेतिकडे सूट असते. वजने तपासली, सगळी मर्यादेत. तसेही वीस गोळ्या एकत्र कुटून वजनाने पूड घेतल्यावर एखाद-दुसऱ्या गोळीच्या भरणाचा प्रश्न उरतच नाही. औषधाचे विघटन झाले का, यावरही चर्चा झाली. इथे व्होल्टमेट्रीनेच साक्ष दिली. पॅरासिटामोल फुटले की पॅरा-अमिनोफेनॉल तयार होते आणि त्याचे शिखर सुमारे पाव व्होल्ट आधी दिसते. पाच टक्के औषध फुटले असते तर तिथे लपता न येणारा उंचवटा आला असता. जमीन सपाट होती. यूव्हीला ही चुगली करता येत नाही, कारण २५७ला पॅरा-अमिनोफेनॉलही शोषण करते आणि एकूण आकड्यात मिसळून जाते.

या सगळ्यात आठवडा गेला. खरे तर पहिल्याच दिवशी करण्यासारखा एक प्रयोग होता आणि तो शेवटी मुलीनेच सुचवला. एका फ्लास्कमध्ये गोळीचे मूळ द्रावण बनवायचे, त्यातलाच एक भाग यूव्हीला आणि एक भाग व्होल्टमेट्रीला द्यायचा. पूड तीच, वजन तेच, विरघळणे तेच. यूव्ही म्हणाले ९९.२, व्होल्टमेट्री ९३.६. गोळी निर्दोष सुटली, आणि तिच्याबरोबर गोळीयंत्र, गोदाम आणि पाऊसही.

“सेल किती अंशाला होता?”

सरांनी फोंड्यातल्या एका निवृत्त रसायनतज्ज्ञांना बोलावले. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. त्यांची उमेदीची वर्षे पाऱ्याच्या थेंबाच्या इलेक्ट्रोडवर गेलेली. हेरॉव्हस्की यांनी प्रागमध्ये १९२२ साली ज्याचा पाया घातला आणि ज्यासाठी त्यांना १९५९ साली नोबेल मिळाले, ती पोलॅरोग्राफी. त्या काळातल्या माणसांना एक शिस्त होती: सेलभोवती पाण्याचे जॅकेट, जॅकेटमधून थर्मोस्टॅटचे पाणी. तळहाताएवढे पोटेन्शिओस्टॅट (व्होल्टेज देऊन करंट मोजणारे यंत्र) आले, पारा हद्दपार झाला, आणि त्याच्याबरोबर ते जॅकेटही अडगळीत गेले.

भाऊंनी वही मागितली. प्रत्येक मोजणीची तारीख होती, वेळ होती, बफरचा पीएच दोन दशांशांपर्यंत होता. तापमानाचा रकाना नव्हता.

“सेल किती अंशाला होता?”

“खोलीच्या तापमानाला, सर.”

“कुठल्या खोलीच्या? सकाळच्या की दुपारच्या?”

देखभाल विभागाच्या नोंदवहीत उत्तर मिळाले. यंत्रे यूपीएसवर होती, एसी नव्हता. पावसाच्या सुरुवातीला दुपारी वीज जाणे हा जवळजवळ नेम. यंत्र एक क्षणही बंद पडले नाही, म्हणून कुणाला काही जाणवलेही नाही. सकाळी प्रमाण द्रावणे २४ अंशांना मोजली जात आणि दुपारी गोळीचे द्रावण २९ अंशांना. जनरेटरची जोडणी झाल्यावर दोन्ही २४ला आली.

पाच अंशांनी काय होते, याचा हिशेब कागदावर करता येतो. पाण्याची स्निग्धता २४ अंशांना सुमारे ०.९१ मिलिपास्कल-सेकंद आणि २९ अंशांना ०.८१ असते. स्निग्धता कमी झाली की रेणू लवकर सरकतात. विसरणाचा (रेणू द्रावणात पसरण्याचा) गुणांक साधारण १३ टक्क्यांनी वाढतो. शिखराची उंची त्या गुणांकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे वाढ सहा-साडेसहा टक्के. पडताळा म्हणून ५० मायक्रोमोलरचे एकच प्रमाण द्रावण दोन तापमानांना मोजले. २४ला २.५०, २९ला २.६५. सहा टक्के.

सरांना वाटले, झाले, सापडले. पण इथेच हे प्रकरण खरे रंगते. तापमानाने दुपारचा करंट वाढत होता. तो वाढावा काढून टाकल्यावर उत्तर बरोबर यायला हवे होते. ते तर चुकीचे आले. म्हणजे दुपारी सहा टक्के वाढवूनही जे जेमतेम ९९ला पोहोचत होते, ते मुळात सहा टक्के कमी होते. तापमानाच्या चुकीने दुसरी एक चूक झाकली होती. एसी नीट झाल्यावर झाकण उडाले.

चकतीवरचा थर

दुसरी चूक शोधायला फार लांब जावे लागले नाही. भाऊंनी मोजणीनंतर इलेक्ट्रोड हलकेच धुऊन खिडकीपाशी नेला आणि भिंगातून पाहिला. सकाळी घासल्यावर ती चकती काळ्या आरशासारखी असते. खिडकीची चौकट तिच्यात दिसते. आता तिच्या अर्ध्या भागावर दुधी साय होती आणि चौकटीची एक कड पुसट झाली होती.

गोळीत औषधाशिवाय बरेच काही असते. स्टार्च, पूड बांधायला पोव्हिडोन, साच्याला चिकटू नये म्हणून मॅग्नेशियम स्टिअरेट. पोव्हिडोनची साखळी कार्बनवर आवडीने बसते, स्टिअरेट तर मेणचट. न गाळलेल्या द्रावणात हे सगळे तरंगत असते. गढूळपणा करंटला अडवत नाही हे खरे. पण गढूळपणा ज्याचा आहे ते चकतीवर येऊन बसते, ही गोष्ट त्या जाहिरातीत नसते. शिवाय क्विनोन इमिनपासून बनणारे जोडरेणूही पृष्ठभागाला चिकटतात, म्हणजे औषध स्वतःही थोडी घाण करते. सकाळी एकदा घासून दिवसभर तोच इलेक्ट्रोड वापरणे म्हणजे मासे तळलेल्या तव्यावर न घासता पोळी टाकण्यासारखे.

आलेखातही त्याची खूण होती, फक्त कुणी उंचीपलीकडे पाहिले नव्हते. दोन इलेक्ट्रॉनांची क्रिया झटपट उलटसुलट होणारी असेल आणि झटका अगदी लहान असेल, तर शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी ९० भागिले दोन, म्हणजे ४५ मिलिव्होल्ट निघते. प्रत्यक्षात झटका मोठा असतो आणि कार्बनवर क्रियाही तेवढी चपळ नसते, म्हणून रुंदी अधिक भरते, ते ठीक. पण गोळीच्या द्रावणातले शिखर त्याच दिवशीच्या प्रमाण द्रावणातल्या शिखरापेक्षा बसके होते आणि किंचित पुढे सरकलेले. पीएच किंवा संदर्भ इलेक्ट्रोड बिघडला असता तर शिखर सरकले असते, पण ते तेवढ्याने बसके झाले नसते. चकती झाकली गेली की दोन्ही होते.

पुराव्याला प्लेसिबो वापरला. औषध वगळून गोळीतले बाकी सगळे, त्याच प्रमाणात. कारखाना आपलाच, सूत्र आपल्याच कपाटात. वाटीभर प्लेसिबो बनवायला अर्धा तासही लागत नाही. ५० मायक्रोमोलरच्या शुद्ध औषधात गोळीइतकाच प्लेसिबो घालून २४ अंशांना मोजले. २.५०च्या जागी २.३६. साडेपाच टक्के गळाले, आणि गोळीचा त्यात काही संबंध नव्हता. पद्धत बसवताना नुसता प्लेसिबो बफरमध्ये मोजला होता आणि शिखर येत नाही म्हणून ‘आडकाठी नाही’ असे लिहिले होते. स्वतः करंट न देता दुसऱ्याचा करंट दाबणारा पदार्थ त्या चाचणीत सापडणारच नाही.

मग रिकव्हरी शंभर कशी आली? हा प्रश्न मी वर्गात विचारतो आणि बहुतेक मुले इथे अडकतात. रिकव्हरीसाठी शुद्ध औषध घातले ते गोळीच्याच द्रावणात, दुपारीच. घातलेल्या औषधाचा करंटही थराने साडेपाच टक्के दाबला आणि उकाड्याने सहा टक्के फुगवला. ०.९४५ गुणिले १.०६ म्हणजे जवळजवळ एक. सकाळच्या रेषेने भागले की शंभर. दोन्ही चुका गुणाकारात येणाऱ्या होत्या, म्हणून त्यांनी एकमेकींना प्रत्येक प्रमाणात, प्रत्येक रिकव्हरीत तंतोतंत झाकले. एखादी चूक बेरजेची असती, तर निदान वेगवेगळ्या प्रमाणांना आकडे फाटले असते आणि संशय आला असता.

स्टँडर्ड ॲडिशनची परीक्षा

भाऊंनी एसी असलेल्या खोलीत, २४ अंशांना, गोळीच्या २० मिलिलिटर द्रावणावर स्टँडर्ड ॲडिशन, म्हणजे नमुन्यातच मोजून शुद्ध औषध घालत करंट कसा वाढतो ते पाहणे, करायला लावले. आधी गोळीचा करंट: २.३४. मग ५ मिलिमोलरच्या प्रमाण द्रावणाचे १०० मायक्रोलिटर, म्हणजे सुमारे २५ मायक्रोमोलरची भर, पुन्हा तेवढीच, पुन्हा तेवढीच. दर वेळी चकती घासून आणि प्रत्येक भरीने होणाऱ्या अर्धा टक्का आकारमानवाढीची दुरुस्ती करून. रेषेचा चढ आला ०.०४७२, शुद्ध बफरमधल्या ०.०५००च्या जागी. २.३४ भागिले ०.०४७२ म्हणजे ४९.६ मायक्रोमोलर. ९९.२ टक्के. यूव्हीशी पुन्हा जुळले, पण या वेळी कशामुळे जुळले ते सांगता येत होते.

तत्त्व साधे आहे. ज्या घाणीत नमुना मोजला त्याच घाणीत मोजपट्टीही काढली, म्हणून घाणीचा परिणाम दोन्हीकडे सारखा पडला. घासल्याने थोडे सुधारले आणि गाळल्याने आणखी थोडे, ०.४५ मायक्रॉनच्या पडद्यातून गाळल्यावर चढ ०.०४९च्या वर गेला, पण विरघळलेले पोव्हिडोन पडद्यातून पार होते आणि पूर्ण ०.०५०० कधी मिळाला नाही.

स्टँडर्ड ॲडिशनला सर्वरोगहर मानू नये, हेही इथेच सांगतो. ते चढातली चूक सुधारते. औषधाच्याच जागी दुसरा कुणी करंट देत असेल, उदाहरणार्थ विद्राव्य गोळीत मिसळलेल्या क जीवनसत्त्वाचे रुंद शिखर पॅरासिटामोलच्या पायथ्याशी चढत असेल, तर ती बेरजेची चूक आहे आणि कितीही भरी घातल्या तरी ती तशीच राहते. रेषा मूळ नमुन्याच्या खालीही सरळच जाते असे यात गृहीत धरलेले असते, तेही विसरू नये.

निर्णय

सरांची पहिली तक्रार रास्त होती. “दर नमुन्याला चार-चार वेळा घासायचं, चार-चार मोजण्या. मग झटपट कसलं? तेवढ्यात यूव्ही दोनदा होतं.” ब्लेंडची पटकन तपासणी हा मूळ हेतू होता, आणि स्टँडर्ड ॲडिशनने तोच मारला जात होता.

तोडगा प्लेसिबोने दिला. सरकारी तपासणी प्रयोगशाळेत दहा कंपन्यांच्या गोळ्या येतात. कुणाच्या गोळीत काय भरलेय ते ठाऊक नसते, तिथे स्टँडर्ड ॲडिशनला पर्याय नाही. कारखान्याला आपले सूत्र ठाऊक असते. म्हणून प्रमाण द्रावणेच प्लेसिबो घालून, गाळून बनवायची. रेषा सुरुवातीपासूनच दबलेल्या चढाची येते आणि नमुन्याला एक मोजणी पुरते. कच्च्या मालाचा पुरवठादार बदलला किंवा पोव्हिडोनचा ग्रेड बदलला की प्लेसिबो नवा, रेषा नवी. आणि अधूनमधून एखाद्या बॅचवर स्टँडर्ड ॲडिशन करून दोन्ही चढ जुळतात का पाहायचे. दर काही नमुन्यांमागे मधले प्रमाण द्रावण पुन्हा मोजायचे आणि ते दोन टक्क्यांहून जास्त हलले तर मधले नमुने बाद. चकती प्रत्येक मोजणीआधी घासायची. हे शेवटचे मुलीला आवडले नाही, पण भिंगातली साय तिनेही पाहिली होती.

तापमानाबद्दल मात्र वाद झाला. सर म्हणत होते, एसी आता जनरेटरवर आहे, प्रश्न मिटला. भाऊंना ते पटले नाही: जनरेटर चालू व्हायला वेळ लागतो, एसी कधीतरी बिघडणारच, आणि खोलीचे तापमान म्हणजे सेलचे नव्हे, फ्रिजमधून काढलेला बफर तासभर थंडच असतो. माझे मतही भाऊंच्या बाजूने आहे. जॅकेट असलेला काचेचा सेल आणि लहान वॉटर बाथ यांचा खर्च पोटेन्शिओस्टॅटपुढे किरकोळ आहे. शेवटी २५ अंशांचा बाथ घेतला गेला, आणि वहीत तापमानाचा रकाना आला: खोलीचे नव्हे, सेलमध्ये बुडवलेल्या थर्मामीटरचे, प्रत्येक मोजणीला.

जुन्या बॅचचे काय? त्या बाजारात गेल्या होत्या यूव्हीच्या आकड्यावर, कारण अधिकृत पद्धत तीच. व्होल्टमेट्री अजून फक्त आतल्या कामाला होती. त्यामुळे कुठलीही बॅच परत मागवावी लागली नाही. पद्धतीचा अहवाल मात्र रद्द करून नव्याने लिहावा लागला, आणि त्यात जुने ९९.२ कसे आले होते त्याचा गुणाकार जोडावा असा आग्रह भाऊंनी धरला. गुणवत्ता हमी विभागाला ते पान नको होते. ते राहिले.

कॅफीनच्या गोळीसाठी एकच बदल करावा लागला. कॅफीनचे शिखर कार्बनवर जवळजवळ पाण्याचे ऑक्सिडेशन सुरू होते तिथे येते. तेवढे वर गेले की जमीन उचलली जाते आणि कॅफीनची उत्पादितेही चकतीवर बसायची शक्यता वाढते. ब्लेंडच्या झटपट तपासणीत पॅरासिटामोल कळले तरी पुरे होते, म्हणून व्होल्टेज ०.७वरच थांबवले आणि कॅफीन प्लेसिबोच्या यादीत टाकले. त्याचे प्रमाण मोजायचे काम एचपीएलसीच्या रांगेतच राहिले.